नापास नक्की कोण झालं होतं?

धारा काढून, चूल आवरून रेडिओजवळ बसलात ना? मागच्या भागात आपण गटाच्या नोंदवह्यांविषयी बोललो होतो. आज बोलायचं आहे परीक्षेविषयी. तुम्ही म्हणाल, ताई, आता या वयात आमचा परीक्षेशी काय संबंध? पण आपल्यातल्या कितीतरी जणी लहानपणीच्या एका निकालाचं ओझं अजून उचलून चालल्या आहेत. म्हणून हा विषय.

सुरुवात आमच्याच गावातून करतो. २०२४ च्या मार्चमध्ये उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा होती. पंधरा वर्षांच्या पुढचं, शाळा न शिकलेलं कुणीही बसू शकतं. वाचन पन्नास गुण, लेखन पन्नास, संख्याज्ञान पन्नास. आम्ही सहयोगिनी घरोघर फिरून नावं गोळा करत होतो. एका गटातल्या आक्का आहेत, साठी ओलांडलेल्या. त्यांच्या उंबऱ्यात गेलो तर त्या म्हणाल्या, "माजं नाव नगं लिवू बाई. मी दुसरीत दोनदा नापास झाल्येली हाय. माजं डोस्कंच न्हाई तसलं."

आता या आक्का कोण? डेअरीचं दहा दिवसांचं बिल आलं की सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, दर, सगळं बोटांच्या पेरांवर मोजून त्या बिलातली चूक काढतात. डेअरीवाला त्यांना वचकून असतो. गटात कुणाचा कितवा हप्ता राहिला हे वही उघडायच्या आत सांगतात. आणि त्याच बाई म्हणतात, मला डोकं नाही. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी दोनदा लाल शाईनं लिहिलं, वडिलांनी शेळ्या राखायला धाडलं, आणि तो शेरा यांच्या मनात घर करून बसला.

त्या दिवशी घरी परतताना आमचं आपसांत बोलणं झालं. ही नापास करायची रीत आली तरी कुठून? मग तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली, शाळेतल्या बाईंना विचारलं, रात्री बसून वाचलं. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट पुण्याची. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला पाठ आहे. शेण-चिखल फेकणारे लोकही ठाऊक आहेत. पण त्या मुलींची परीक्षाही झाली, ती सुद्धा चारचौघांत. त्या काळी जाहीर परीक्षेची पद्धत होती. गावातली मोठी मंडळी, इंग्रज अंमलदार समोर बसत आणि मुलांना प्रश्न विचारले जात. फुल्यांच्या शाळेतल्या मुलींची अशी जाहीर परीक्षा १८५२ साली पुण्यात झाली. मुली उभ्या राहून वाचत होत्या, उत्तरं देत होत्या, आणि बाईच्या जातीला विद्या येत नाही म्हणणारं शहर ऐकत होतं. आता तुम्हीच सांगा, त्या दिवशी खरी परीक्षा कुणाची होती?

त्याच शाळांत शिकलेली मुक्ता, मातंग समाजातली, चौदा वर्षांची पोर. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. अक्षरओळख होऊन थोडकीच वर्षं झाली असताना तिनं थेट धर्माला आणि सत्तेला प्रश्न विचारले. पुढे १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला. जोतीरावांनी आयोगापुढे लेखी निवेदन दिलं. सरकारचा पैसा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी सुनावलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. मूल शिकलं नाही तर आधी विचारा की त्याच्यापर्यंत शाळा पोचली होती का, हा त्या मागणीमागचा विचार.

आता इंग्लंडात त्याच सुमाराला काय चाललं होतं ते बघा. १८६२ साली तिथल्या सरकारनं नियम केला की शाळेला अनुदान मिळेल ते मुलांच्या निकालावर. वर्षातून एकदा तपासनीस येणार, एकेका मुलाचं वाचन, लेखन, गणित बघणार, आणि जितकी मुलं नापास तितके पैसे कापणार. झालं काय? मास्तर मंडळींनी परीक्षेचं पुस्तकच मुलांकडून घोकून घेतलं. जे विचारणार नाहीत ते शिकवणंच सोडलं. जवळजवळ तीस वर्षं हे चाललं आणि शेवटी सरकारला ते मागे घ्यावं लागलं. आपल्यालाही हे नवं नाही. साहेब येणार म्हटलं की कुठे कुठे नोंदवह्या एका रात्रीत भरल्या जातात. वही भरते, पण गट तिथंच राहतो.

यानंतरची गोष्ट फ्रान्सची. ती जरा सावकाश ऐका, कारण आजच्या विषयाचं मर्म तिथं आहे.

पॅरिस शहरात आल्फ्रेड बिने नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांना दोन मुली होत्या, मादलेन आणि अलिस. या मुली कशा विचार करतात, कशा मोजतात, हे ते घरीच निरखून लिहून ठेवत. फ्रान्समध्ये तेव्हा शिक्षण सक्तीचं झालेलं होतं, त्यामुळे सगळ्या थरांतली मुलं शाळेत येऊ लागली होती. काही मुलं मागे पडत. सरकारनं १९०४ साली एक समिती नेमली : जास्तीची मदत लागणारी मुलं कशी ओळखायची? त्याआधी ते मास्तरांच्या मर्जीवर होतं. दंगेखोर पोर दिसलं, की काढ वर्गाबाहेर.

बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी १९०५ साली तीस कृतींची एक चाचणी तयार केली. सोपीपासून अवघडपर्यंत रचलेली. चित्रातल्या वस्तूंची नावं सांग. दोन वजनांपैकी जड कुठलं ते हातात घेऊन सांग. मी आकडे म्हणतो, माझ्यामागून म्हण. तीन वर्षांनी त्यांनी या कृती वयाप्रमाणे लावल्या, म्हणजे अमुक वयाच्या बहुतेक मुलांना अमुक जमतं.

मूल कुठे अडलंय ते शोधायचं आणि तिथं मदत द्यायची, एवढ्यासाठीच ती चाचणी होती. बिनेंनी स्वतः बजावून ठेवलं होतं की ही काही माणसाची बुद्धी मोजायची फूटपट्टी नव्हे. बुद्धी जन्माला येताना ठरते आणि पुढे वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर ते चिडत. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष देण्याचे, लक्षात ठेवण्याचे व्यायामही सुचवले होते.

आपल्या गटाचं उदाहरण घ्या. बँक कर्ज देण्याआधी गटाचं श्रेणीकरण करते. बैठका नियमित आहेत का, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड वेळेवर आहे का, वह्या लिहिलेल्या आहेत का. एखाद्या गटाला कमी गुण पडले तर आपण काय म्हणतो? "या बायका बिनडोक आहेत, बंद करा यांचा गट," असं म्हणतो का? आपण बघतो की गुण कुठं गेले. परतफेडीत गेले तर हप्त्याची तारीख बदलून बघतो, वह्यांत गेले तर दोन दिवस बसून वही शिकवतो. सहा महिन्यांनी पुन्हा श्रेणीकरण. बिनेंना मुलांच्या बाबतीत हेच हवं होतं.

१९११ साली बिने वारले. चाचणी तोवर अमेरिकेत पोचली होती, आणि तिथं तिचा रस्ता बदलला. जर्मनीतल्या स्टर्न नावाच्या अभ्यासकानं १९१२ साली सुचवलं होतं की चाचणीत आलेल्या वयाला खऱ्या वयानं भागावं, म्हणजे एकच आकडा मिळेल. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ साली चाचणी वाढवून छापली आणि त्या आकड्याला नाव पडलं बुद्ध्यांक, म्हणजे आयक्यू. आता मूल कुठं अडलं हे बघायची गरज राहिली नाही. एक आकडा कपाळावर चिकटवला की काम झालं.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सुमारे सतरा लाख सैनिकांची अशी परीक्षा घेतली गेली. ज्यांना वाचता येत होतं त्यांना लेखी, ज्यांना येत नव्हतं त्यांना चित्रांची. त्या चित्रांत काहीतरी राहून गेलेलं असे, ते ओळखायचं. एका चित्रात टेनिसचं मैदान होतं आणि मधली जाळी नव्हती. आता जो माणूस इटलीच्या नाहीतर पोलंडच्या खेड्यातून जहाजानं आलाय, ज्यानं जन्मात टेनिस पाहिलं नाही, त्याला काय कळणार काय राहिलंय ते? उद्या आपण त्या परीक्षकांना जात्याचं चित्र दाखवलं आणि खुंटा काढायचा ठेवला, तर त्या साहेबांपैकी किती पास होतील?

त्यातून निकाल काढला गेला की अमुक देशांतून आलेले लोक मुळातच कमी बुद्धीचे. ब्रिगहॅम नावाच्या प्राध्यापकानं १९२३ साली तसं पुस्तक लिहिलं. परदेशातून येणाऱ्यांना अडवा म्हणणाऱ्यांना ते फार सोयीचं झालं. खरं तर त्याच आकड्यांत दिसत होतं की जो माणूस अमेरिकेत जास्त वर्षं राहिला त्याला जास्त गुण. म्हणजे ती चाचणी बुद्धीपेक्षा अमेरिकेची ओळख मोजत होती. १९३० साली ब्रिगहॅम यांनी आपले निष्कर्ष चुकीचे होते असं स्वतःच जाहीर केलं. तोवर कायदा होऊन सहा वर्षं उलटली होती.

मैत्रिणींनो, हे ऐकताना आम्हाला आक्कांची दुसरी यत्ता दिसत होती. पावसाळ्यात धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिलेली पोर. तिच्या बोलीत 'लिवणं' आणि पुस्तकात 'लिहिणं'. दाखवलेल्या चित्रातली जाळी तिनं पाहिलीच नव्हती, एवढंच.

पण दुसऱ्या बाजूनं विचार करणारी माणसंही त्याच काळात होती, आणि त्यात बाया पुढे होत्या. इटलीतल्या मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या. मंदबुद्धी म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांना त्यांनी हातानं करायच्या वस्तूंतून शिकवलं. ती मुलं इतर मुलांच्या बरोबरीनं परीक्षेत पास झाली. लोक वाहवा करत होते तेव्हा बाई वेगळाच विचार करत होत्या. यांना एवढं जमलं, तर मग धडधाकट मुलांना आपल्या शाळा असं काय करून ठेवतात की ती याच पातळीवर राहतात? १९०७ साली त्यांनी रोमच्या गरीब वस्तीत बालकांचं घर सुरू केलं.

हा विचार आपल्याकडे रुजवला ताराबाई मोडक यांनी. आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला, आणि १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. तिथं त्यांना साथ मिळाली अनुताई वाघांची. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. त्यांचं आयुष्य तिथंच संपलं असं समाजानं ठरवून टाकलं होतं. म्हणजे नापास हा शेरा त्यांनाही मिळालेला होता, फक्त शाळेकडून नाही.

माँटेसरीची साधनं महाग, लाकडी, परदेशी. ताराबाई-अनुताईंनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. बालवाडीत वारली मुलं येत नव्हती. "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही," असं म्हणून त्यांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी बालवाडी उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. ती झाली अंगणवाडी. पुढे १९७५ साली सरकारनं एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. आज आपली पोरं जिथं खाऊ खातात आणि गाणी म्हणतात त्या अंगणवाडीचं मूळ हे असं आहे. नंतर कोसबाडच्या टेकडीवर काम वाढलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा कुरणात गेली. तिला नाव पडलं कुरणशाळा. आमच्या आक्का शेळ्यांमागे गेल्या तेव्हा त्यांच्या माळावर कुणी अशी शाळा नेली असती तर!

आपल्या सातारा जिल्ह्याचीही एक आठवण सांगायला हवी. १९५९ साली इथं ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. गावातल्या शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचं. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ होई. सगळं गाव जमे, शपथ घेई. यात गंमत अशी की निकाल लागे तो गावाचा. एक जरी मागे राहिला तर गावाचं काम बाकी आहे, असा भाव. पुढं मात्र अडचण आली. शिकलेलं वापरायला गावात पुस्तक नव्हतं, वर्तमानपत्र नव्हतं. बरेच जण पुन्हा अक्षर विसरले. शिकणं एकदाच करून ठेवायची गोष्ट नाही, हे त्या मोहिमेनं दाखवलं.

आता आजच्या काळात या. नापास हा शब्द जरा मागे पडला, तर नवी चिठ्ठी आली. मोबाईलवर तुम्हीही पाहिलं असेल : काही मुलं पाहून शिकतात, काही ऐकून, काही हातानं करून. तुमचं मूल कुठल्या प्रकारचं ते ओळखा आणि तसंच शिकवा. आमच्या भागातल्या एका वहिनींनी गटातून अंतर्गत कर्ज काढून मुलाची अशी तपासणी करून घेतली. बोटांचे ठसे घेतले, रंगीत कागद दिला. त्यावर लिहिलेलं, मुलगा पाहून शिकणारा आहे. तेव्हापासून तो पोरगा म्हणतो, "बाई नुसतं बोलतात, मला ऐकून कळतच नाही." म्हणजे त्याला कारण सापडलं आणि वहिनींना हप्ता.

मैत्रिणींनो, बोटांच्या ठशांवरून बुद्धी किंवा शिकण्याची पद्धत कळते याला शास्त्रात आधार नाही. त्यासाठी एक रुपयाही देऊ नका. आणि पाहून-ऐकून-करून या वाटणीचं काय? न्यूझीलंडमध्ये शाळा तपासनीस असलेल्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ साली तिची एक प्रश्नावली केली आणि ती जगभर गेली. २००४ साली इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी मोजलं तर अशा वाटण्यांच्या एकाहत्तर निरनिराळ्या पद्धती निघाल्या. २००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी सगळे पुरावे तपासले. त्यांचा साधा प्रश्न होता : पाहून शिकणाऱ्याला दाखवून आणि ऐकून शिकणाऱ्याला ऐकवून शिकवलं तर दोघं खरंच जास्त शिकतात का? तसा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. आवड प्रत्येकाची वेगळी असते हे खरं, पण आवडीप्रमाणे वाटण्या करून शिकणं वाढत नाही.

हे आपल्याला शास्त्रज्ञांनी सांगायलाही नको होतं. रांगोळी आपण पाहून शिकलो. ओवी ऐकून शिकलो. भाकरी थापून शिकलो, आणि पहिल्या दहा भाकरी फाटल्याच. "मी ऐकून शिकणारी आहे, मला भाकरी ऐकवा," असं कुणी म्हणालं नाही. जी गोष्ट शिकायची, तीच सांगते कशी शिकायची ते. आणि बहुतेक गोष्टींना डोळे, कान, हात तिन्ही लागतात.

मग खरंच उपयोगी पडतं ते काय? जर्मनीत एबिंगहाउस नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी अर्थ नसलेली अक्षरं स्वतः पाठ केली आणि किती वेळात किती विसरतो ते स्वतःवरच मोजलं. १८८५ साली ते छापलं. त्यांना दिसलं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जोरात होतं, पहिल्या काही तासांत. पण अधूनमधून उजळणी केली तर ते टिकतं. आणि २००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, कागद बाजूला ठेवून, आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले.

म्हणजे परीक्षा, गुण न देता घेतलेली, ही स्वतःच शिकण्याचा एक चांगला मार्ग आहे. भीती काढली की परीक्षा कामाची वस्तू होते. आमच्या काही गटांनी हे सुरू केलंय. बैठकीच्या सुरुवातीला इतिवृत्ताची वही बंद ठेवायची. मागच्या बैठकीत काय ठरलं, कुणाला किती कर्ज दिलं, दर काय, हे जमेल तसं सगळ्यांनी तोंडी सांगायचं. मग वही उघडून ताडून बघायचं. जे राहिलं तेच पुन्हा बोलायचं. आता अध्यक्ष-सचिवांवरच सगळं अवलंबून राहत नाही, आणि वहीतली चूकही लवकर सापडते.

पोरांच्या शाळेविषयीही दोन शब्द. प्रगतीपत्रकावर 'आकारिक' आणि 'संकलित' असे शब्द तुम्ही पाहता. घाबरू नका. उभ्या पिकात फिरून पान उलटून कीड बघणं म्हणजे आकारिक. खळ्यावर पोती मोजणं म्हणजे संकलित. पोती मोजताना कीड कळून उपयोग नाही. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० पासून आपल्या राज्यात ही पद्धत आली, वर्षभर मुलाकडं लक्ष ठेवण्यासाठी. पुढे कायद्यात बदल झाला, आणि २०२३ च्या नियमानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर जास्तीचं मार्गदर्शन, पुन्हा परीक्षा, आणि तरीही नाही जमलं तर त्याच वर्गात. तेव्हा पालकसभेत गेलात की "किती मार्क पडले?" एवढंच विचारून उठू नका. विचारा, "बाई, याचं नेमकं कुठं अडतंय? हातच्याची वजाबाकी येत नाही, की उदाहरण वाचताच येत नाही? त्यासाठी शाळेत काय करताय, आणि आम्ही घरी काय करू?" आपण शिकलेल्या नसलो तरी हे विचारू शकतो. बिनेंनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला होता. आणि पोराला एवढं तरी कधी म्हणू नका की तुला डोकंच नाही.

आता आक्कांचं काय झालं? त्या वर्षी त्या बसल्या नाहीत. आम्हीही जबरदस्ती केली नाही. मात्र ही सगळी गोष्ट आम्ही त्यांच्या गटात बसून सांगितली, टेनिसच्या जाळीसकट. त्या काही बोलल्या नाहीत. दिवाळीनंतर एक दिवस नातीची पाटी घेऊन बैठकीला आल्या. पुढच्या मार्चला शाळेच्या त्या छोट्या बाकावर कशाबशा मावून त्यांनी पेपर दिला. निकाल आला. वाचन आणि संख्याज्ञान जमलं होतं. लेखनात गुण कमी पडले. कागदावर शेरा होता, 'सुधारणा आवश्यक'.

आम्हाला धाकधूक, आता ह्या परत म्हणणार डोकं नाही. आक्कांनी नातीकडून शेरा दोनदा वाचून घेतला. मग कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "म्हंजी नापास न्हवं. लिवायचं तेवडं ऱ्हायलंय. तेवडं कोण शिकवतंय ते सांगा."

शिकवणारी त्यांच्याच गटात मिळाली. आठवड्यातून तीन संध्याकाळी दोघी बसतात. तुमच्याही गटात अशी एखादी आक्का असेल, आणि एखादी शिकवणारीही असेल. पुढच्या बैठकीत दोघींची नावं काढा. आणि आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यांच्याविषयी बोलू.

येतो मैत्रिणींनो. नमस्कार.